नव्या तेलाचा ठसका

फार फार वर्षांमागची गोष्ट. समुद्रापलीकडे, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. चहूकडे जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची झाडं आणि मधोमध दगडी घाणा. हंगाम आला की घरोघरी नव्या तेलाचा वास दरवळायचा. पहिलं तेल देवाच्या दिव्याला जायचं. त्यात बुडवलेला पहिला घास दारात उभं असेल त्याला मिळायचा, मग तो ओळखीचा असो की परका.

पुढे तरुण माणसं एकेक करून बंदराकडे गेली. घाणा जेमतेम फिरू लागला.

गावप्रमुख म्हणाला, "आपला घाणा बघायला परमुलखातले पाहुणे बोलवू. ते रमले, दर हंगामाला येऊ लागले तर ठीक, नाहीतर यंदा घाणा मोडून टाकू."

घाणा चालवणाऱ्या तेलिणीने हे ऐकलं. तिचा मुलगा आणि सूनही बंदराकडे जायला गाठोडं बांधून बसली होती. तिने देवाला हात जोडले, "माझ्या अंगणात पुन्हा पंगत बसू दे रे बाबा. तोवर मी कोरडी भाकरी खाईन."

पाहुणे आले. पण नवं तेल दिसायला गढूळ, चवीला कडसर, घशाला झोंबणारं. गावाला त्याची लाज वाटली. पाहुण्यांना गाद्यांवर बसवून गेल्या सालचं नितळ तेल चांदीच्या वाटीत दाखवलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या, जांभया दिल्या आणि गाड्या जुंपायला सांगितल्या.

इकडे नव्या तेलाचा दिवा लावून तेलीण वळली, तो दारात एक पाहुणीबाई पाणी मागत उभी. सासूबाईंनी लावलेली सवय हातात होतीच. तिने गरम भाकरीचा तुकडा नव्या तेलात बुडवून पुढे केला.

पाहुणीला जोराचा ठसका लागला. डोळ्यांना धारा लागल्या.

प्रमुख धावत आला. "अगं, काय केलंस हे! घालवलीस ना गावाची अब्रू!"

"ठसका लागला म्हणजे तेल ताजं," तेलीण म्हणाली. "आमच्या सासूबाई तर ठसका ऐकल्याशिवाय दुसरा घास देत नसत!"

पाहुणी हसली. "अहो, ठसक्याने नाही डोळे भरले. माझी आई अशीच उंबऱ्यात घास द्यायची. आणखी आहे का हो?"

ते ऐकून बाकीचे पाहुणेही गाद्या सोडून अंगणात आले. ठसके काय, हसणं काय! जुंपलेले बैल सोडले गेले. सुनेने गाठोडं उघडलं आणि त्यातलीच चादर पंगतीला अंथरली.

सगळे जेवल्यावर तेलिणीने आपलं व्रत सोडलं. पहिल्याच घासाला तिलाही ठसका लागला.

त्यानंतर दर हंगामाला पाहुणे येत राहिले, आणि घाणा फिरत राहिला.

मुलांनो, बायांनो, तात्पर्य एवढंच: आपण घरात जे प्रेमाने खातो, तेच न लाजता पाहुण्याच्या ताटात वाढावं.