अकराव्या दिवशीची साखर

"म्हणजे मोडलंच ना तिचं व्रत?"

त्रिंबकने हे विचारलं तेव्हा सखाबुवा द्वारकाक्काच्या कपाळावरचा घाम पंच्याने टिपत होते.

डोंगरावरच्या त्या मठात त्रिंबक अकरा दिवस निव्वळ पाण्यावर होता. आजवर तिथे कुणी सातव्या दिवसापलीकडे गेलं नव्हतं. खालच्या गावातली माणसं रोज चढून यायची, त्याच्या पायांवर डोकं ठेवायची. मन खंबीर असलं की देहाला काही लागत नाही, असं तो त्यांना सांगायचा. सांगताना आवाज मुद्दाम हळू करायचा, म्हणजे माणसं पुढे सरकून ऐकायची.

मठाची चूल सांभाळणाऱ्या द्वारकाक्कानेही ते ऐकलं, आणि तीही उपाशी राहिली. तिला मधुमेह. गोळी मात्र तिने नेमाने घेतली. गोळी म्हणजे काही अन्न नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परातीपाशीच कोसळली. अंग घामाने थबथबलेलं, हात थरथरणारे, जीभ अडखळणारी.

मठात येण्यापूर्वी बुवा तीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांनी तिच्या बोटातला रक्ताचा थेंब साखर मोजायच्या यंत्राला लावला. बेचाळीस, फारच कमी. कुणीतरी लाडू पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. लाडू पचेपर्यंत वेळ जातो. ग्लुकोज पचवावं लागत नाही, आतड्यातून सरळ रक्तात उतरतं. तिला गिळता येतंय एवढं पाहून त्यांनी पेलाभर पाण्यात ग्लुकोजची भुकटी ढवळली आणि घोट घोट पाजली.

पाव तासात अक्का उठून बसली आणि डाळ उतू तर गेली नाही ना, म्हणून विचारू लागली.

सगळ्यांना हायसं वाटलं. त्रिंबकला नाही. माझं ऐकून धरलेला उपवास एका पेल्यात संपला, हे त्याला लागलं होतं. म्हणून त्याने तसं विचारलं.

"बोट दे," बुवा म्हणाले.

त्रिंबकने हात पुढे केला. त्याला बरंच वाटलं. चार माणसांदेखत आकडाच बोलला तर हवंच होतं.

"शून्य येईल, बुवा."

"अडुसष्ट."

"अकरा दिवस माझ्या पोटात कण गेलेला नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग ही साखर आली कुठून?"

बुवांनी त्याचा दंड दोन बोटांत धरला. तिथलं तालमीत कमावलेलं मांस उतरलं होतं, कातडी सैल पडली होती…

मग बुवांनी त्याला समजावून सांगितलं. मेंदूला साखरेवाचून चालत नाही. बाहेरून आली नाही की यकृत आधी आपला साठा काढतं. तो दिवसभरात संपला की अंगातलंच मांस झिजतं आणि यकृत त्याची साखर करतं. अक्काच्या गोळीने तीही वाट अडवून धरली होती.

त्रिंबक बराच वेळ आपल्या दंडाकडे पाहत राहिला.

मग हळूहळू त्याची मान ताठ झाली. चेहऱ्यावर पुन्हा ते तेज आलं.

"म्हणजे माझा देह स्वतःला जाळून हे व्रत चालवतोय," तो म्हणाला. आवाज हळू झाला होता. "याहून मोठा त्याग कोणता, बुवा?"

भिंतीला टेकून बसलेल्या अक्काचे डोळे भरून आले. तिने हात त्याच्यापुढे जोडले.

बुवांनी ते हात हलकेच सोडवले आणि तिच्या मांडीवर ठेवले.

"अक्का, त्याला आणखी वाढू नकोस. आत्ताच जेवलाय तो."