मोहेईचा गुडघा

“पण तो मरणारच होता न, भंतेजी?”

टेकडीच्या पायऱ्या तावातावानं चढून आलेला हर्षदीप गजभिये विहाराच्या ओट्याशी उभा राहून हे विचारत होता. वंदन करायचं राहून गेलं होतं, चपला पायातच होत्या, आणि आपण बोलणं मधूनच सुरू केलं आहे हेही रागाच्या भरात त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

ओट्यावर भंते सुगतानंद चीवराची उसवलेली कड शिवत बसले होते. वय ऐंशीच्या पुढचं, नजर अधू. त्यांनी सुई आणि दोरा त्याच्यापुढे धरला.

“ओवून दे बरं एवढा.”

हर्षदीपनं चपला काढल्या, वंदन केलं, सुई घेतली. दोरा काही सुईत जाईना.

“कोन मरनार होता, बाबू?”

“मोहेई.”

“तुह्या ऑफिसातला काय?”

“गेममधला, भंतेजी. म्हातारा नावाडी आहे तो.”

भंते हसले नाहीत. ते हसतील अशी त्याला भीती होती, आणि हसले असते तर तो तसाच पाय आपटत खाली उतरला असता.

हर्षदीपचं हे प्रकरण मुळापासून सांगायला हवं. तो शाळेत असताना वडिलांनी सीताबर्डीहून व्हिडिओ गेमचं मशीन आणलं, आणि सोबत एक निळी कॅसेट. कॅसेटमध्ये सगळं जपानीत. गल्लीतल्या पोरांनी थोडा वेळ बटणं दाबून पाहिली. गाडी पळेना, बंदूक सुटेना, तेव्हा ती कंटाळून निघून गेली. हर्षदीप मात्र चिकटून राहिला. कुठल्या अक्षरांवर दाबलं की माणसं बोलतात, कुठल्यावर दाबलं की रात्रीपुरती खाट मिळते, हे त्यानं चाचपडत शोधून काढलं. पुढे इंजिनियर होऊन नोकरी लागल्यावर तो जपानी शिकला, तेही एवढ्याचसाठी, की लहानपणी ही माणसं आपल्याला काय सांगत होती ते कळावं. गेमचं नाव ‘सात नद्यांचा देश’ आहे हे त्याला तेव्हा समजलं. आज त्या गेमवर त्यानं लिहिलेली मार्गदर्शिका देशोदेशीचे लोक वाचतात. बायको त्याला जपानचा जावई म्हणते, आणि त्याला ते आवडतं.

“तुम्हाला सांगतो, भंतेजी, असा गेम पुन्हा झाला नाही,” तो म्हणाला. सुई अजून हातातच होती. “आजकालचे गेम म्हणजे नुसता धूमधडाका. ह्यात एक धर्मशाळेची बाई आहे. सुरुवातीला तुमच्या पायात काटा भरतो, ती काढून देते. मग तुम्ही अर्धं जग फिरून या, राजे हरवा, राक्षस मारा, आणि परत तिच्याकडे जा. ती राजाचं विचारत नाही. म्हणते, पाय दुखतो का अजून? एवढुशी चित्रं होती तेव्हा. चेहरा म्हणजे चार ठिपके. पण त्या चार ठिपक्यांवर मी जीव टाकलाय.”

“चांगली हाय बाई,” भंते म्हणाले. “अन् नावाडी?”

“नावाड्याचंच तर भांडण आहे!”

भांडण होतं भाचीशी. श्रावस्ती, सहावीतली, भंडाऱ्याहून सुट्टीत मामाकडे आलेली. घरात त्या गेमकडे कुणी ढुंकून पाहत नसे. ही पोरगी मात्र मामाच्या शेजारी मांडी घालून बसली आणि उठेचना. हर्षदीप हरखून गेला. एक एक जपानी वाक्य त्यानं तिला मराठीत करून सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला त्या देशात सोबत मिळाली होती.

आणि एके दिवशी तो ऑफिसात असताना तिनं दिवसभर बसून त्याचाच डाव पुढे खेळला.

“चंद्राचं दव नावाचं औषध आहे त्यात. विकत मिळत नाही. अख्ख्या गेममध्ये मोजक्या कुप्या. माणूस कितीही खचला असो, एका कुपीत ठणठणीत. मी एक एक करून जपलेल्या, भंतेजी! तिनं सगळ्या त्या मोहेईला पाजल्या. त्याला विषारी बाण लागलेला असतो. औषध दिलं की थोडा वेळ बरा, पुन्हा विष चढतं. तो खाली बसला की ही दुसरी कुपी काढते. पुन्हा बसला की तिसरी. आणि वरून माझ्याच डावावर सेव्ह करून ठेवलं. म्हणजे आता परतीचा रस्ता नाही.”

“मंग थो वाचला?”

“वाचेल कसा! गोष्टच तशी लिहिलीये. पुढे दोरांचा पूल येतो, पूल तुटायला लागतो, मोहेई दोर धरून उभा राहतो, बाकीचे पार होतात, तो नदीत जातो. तुम्ही काहीही करा, तो जातोच. मी माझ्या मार्गदर्शिकेत ठळक अक्षरांत लिहिलंय, मोहेईवर दव वाया घालवू नका. जगभरचे लोक मानतात ते. आणि माझ्याच घरातली पोरगी...”

“तिले माहीत नव्हतं?”

“होतं न! मीच सांगितलं होतं. तेच तर डोक्यात जातं माझ्या. मी विचारलं, तुला माहीत होतं न तो मरतो? तर म्हणते, माहीत होतं मामा, म्हणून तर दिलं. काय उत्तर झालं हे?”

भंतेंनी त्याच्या हातातून सुई काढून घेतली. आपल्या अधू डोळ्यांनी दोरा अंदाजानं टोचला. तो पहिल्याच खेपेला आत गेला.

“एवढ्यावर थांबली असती तरी मी सोडून दिलं असतं,” हर्षदीपचा आवाज चढला. “पण पुढे म्हणते, मामा, पुलाकडे जाताना तो गातो. गातो! मी चाळीस ओलांडली, भंतेजी. ह्या गेमचा दगड न दगड मला पाठ आहे. मोहेई गात नाही. कुठंच नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं तिला, खोटारडी आहेस तू. रोज पंचशील म्हणते आणि तोंडावर खोटं बोलते?”

“मंग?”

“मग काय. रडली नाही, काही नाही. पिशवी भरली, आईला म्हणाली चल. सुट्टी अर्धी बाकी होती. आता फोन केला तर फोनवर येत नाही. मामा, असा एक शब्द नाही.” त्यानं खिशातून मोबाइल काढला. “तुमचं ऐकते ती. मी फोन लावून देतो. तुम्ही एवढंच सांगा, की खोटं बोलले म्हणून कबूल कर. मी लगेच माफ करतो. मला काय हौस आहे तिच्यावर रागवायची?”

हे शेवटचं म्हणताना तो भंतेंकडे न बघता मोबाइलच्या पडद्याकडे पाहत राहिला.

भंतेंनी मोबाइल घेतला नाही.

“विष चढलं म्हंजे थो नावाडी काय करते?”

“करायचं काय. त्याच्या जीवाचा आकडा लाल होतो. आणि तो गुडघ्यावर बसतो.”

“कसा? दाखव बरं.”

“आता हे काय, भंतेजी...”

“मले कसं समजन? मी कोठं पाह्यला तुहा गेम.”

हर्षदीप वैतागला. पण सांगणारे भंते होते. तो ओट्याच्या फरशीवर एका गुडघ्यावर बसला, एक हात जमिनीला टेकवला, मान खाली घातली. हे त्याला हुबेहूब जमलं, कारण त्यानं ते हजारदा पाहिलं होतं.

“असा.”

“राय तसाच,” भंते म्हणाले, आणि त्यांनी टाका घातला.

फरशी उन्हानं तापायला लागली होती. एक बारीक खडा नेमका गुडघ्याखाली आला होता.

“बान कोठं लागते त्याले?”

“घाटावर. पहिल्या नदीच्या.”

“अन् पूल?”

“पूल खूप पुढे. आधी बांबूचं बन. मग मिठागरं. मग किल्ला, तिथं बराच वेळ जातो. मग डोंगर.”

“एवढं सारं थो असाच चालते?”

“चालताना दिसत नाही. पण लढाई आली की... हो. असाच.”

भंते शिवत राहिले. टाका, दोरा ओढणं, पुन्हा टाका. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. हर्षदीपनं गुडघा जरा सरकवला, तर खडा जास्तच रुतला.

“उठू का, भंतेजी?”

“पूल आला काय?”

हर्षदीप कानापर्यंत लाल झाला. आपली थट्टा चालली आहे की काय, हे त्याला ठरवता येईना, आणि त्याचाच जास्त संताप आला.

“त्याले बरं करायचं औषध कोनापाशी होतं?”

“...माझ्यापाशी.”

“काहून ठेवलं होतं?”

“शेवटच्या लढाईसाठी. सगळेच ठेवतात.”

“झाली काय थे लढाई?”

“कितीदा तरी झाली. कितीदा तरी जिंकलो.”

“लागलं औषध?”

“नाही. मी एवढी तयारी करून जातो की कधी लागतच नाही.” हे तो खाली बसल्या बसल्याही थोडं ऐटीतच बोलला.

“मंग उरलं त्याचं काय होते?”

“काय होणार? गेम संपला की...” तो अडखळला. “संपतं सगळं.”

भंते पुढचा टाका घालत राहिले.

“पण तो काही खरा माणूस नाही, भंतेजी!” तो एकदम उसळला. “चित्र आहे ते! ठिपके आहेत! ठिपक्यांना कुठला गुडघा आणि कुठलं दुखणं?”

“नाई दुखत?”

“नाही!”

“मंग थो पह्यल्यांदा मेला तवा तू जेवला होता काय?”

हर्षदीप नव्हता जेवला. शाळेतही गेला नव्हता. आईनं कपाळाला हात लावून ताप पाहिला होता आणि तिला ताप सापडला नव्हता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. भंतेंनाही नाही. श्रावस्तीला मात्र सांगितलं होतं, याच सुट्टीत, मोहेई पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा.

त्याला आता ते सगळंच आठवलं. सांगून झाल्यावर तिनं विचारलं होतं, “मग मामा, पुढच्या वेळी तू त्याच्यासाठी काय केलंस?” आणि त्यानं हसून सांगितलं होतं, की पुढच्या वेळेपासून मोहेईकडे लक्षच द्यायचं नाही, तो जाणारच असतो, म्हणजे मग त्रास होत नाही. हे सांगताना त्याला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. पोरगी त्याच्याकडे पाहत राहिली होती.

गुडघा आता खरंच ठणकत होता.

“तिच्या डावात...” हर्षदीप म्हणाला, आणि थांबला. आवाज बराच खाली आला होता. “तिच्या डावात तो पुलापर्यंत ताठ गेला असेल, भंतेजी.”

भंतेंनी चीवर बाजूला ठेवलं. वाकून हात पुढे केला. तो हात हलका होता, त्याच्या आधारानं कुणाला उठता आलं नसतं, पण हर्षदीपनं तो धरला आणि उठला. गुडघ्यावर खड्याचा लाल ठसा उमटला असणार. पँट वर करून बघायची त्याला लाज वाटली.

तो खाली पसरलेल्या रानाकडे वळला. भंतेंनी दोरा दातानं तोडला.

“मी कधी दिलंच नाही त्याला,” हर्षदीप म्हणाला. “एकदाही नाही. मग मला कसं कळणार तो गातो की नाही?”

“हं.”

“म्हणजे ती खरंही बोलत असेल.”

“हं.”

हर्षदीपच्या चेहऱ्यावर आता जरा कळा आली. काय करायचं ते सापडलं की इंजिनियर माणसाला बरं वाटतं. त्यानं मोबाइल खिशात टाकला, चपला शोधून पायात सरकवल्या.

“मी आजच घरी जाऊन नवा डाव मांडतो, भंतेजी. पहिल्यापासून. सगळं दव मोहेईला देतो, एक थेंब मागे ठेवत नाही. पुलापर्यंत नेतो त्याला. आणि तो गायला न... तर मी तसाच भंडाऱ्याला जातो आणि श्रावस्तीची माफी मागतो. सगळ्यांसमोर.”

तो वंदनाला वाकला. भंतेंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो उचलला नाही.

“अन् नाई गायला तं?”