विरजणाचा चमचा

कॉम्प्युटरच्या पाठीला अजून पोक असायचं, त्या काळची ही गोष्ट. वृंदाताईंच्या कॉम्प्युटरखालच्या खणात एक हार्ड डिस्क राहायची. दिवाळीत उतरवून घेतलेले घरचे सगळे फोटो तिच्या पोटात होते.

वृंदाताई दह्यातला पहिला चमचा विरजणाला काढल्याशिवाय कुणाला वाढत नसत. ते पाहून डिस्क कॉम्प्युटरला म्हणाली, "दादा, तुमचंही ताजं विरजण तब्येत ठणठणीत असतानाच काढून ठेवू या."

"मला काय धाड भरलीय?" कॉम्प्युटर खेकसला. "काही झालं तर सांगेन."

वैशाखातल्या एका दुपारी झालं. कॉम्प्युटरमधल्या फोटोतल्या माणसांचे चेहरे एकेक करून जायला लागले. आधी आत्याचा गेला, मग आजोबांचा. पातळं, टोप्या, गळ्यातले हार जागच्या जागी होते. तोंडाच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी.

"घे, आत्ताच्या आत्ता सगळं उतरवून घे!" कॉम्प्युटर ओरडला.

"जागा नाही. दिवाळीचं पुसावं लागेल. आणि दादा, नासक्या दह्याचं विरजण..."

"पूस म्हणतो ना!"

हुकूम तो हुकूम. डिस्कने पुसलं आणि उतरवून घेतलं.

आठवड्याभरात कॉम्प्युटर भंगारात गेला, नवा आला. वृंदाताईंनी मोठ्या आशेने डिस्क जोडली. पडद्यावर अख्खं घर ओळीने उभं राहिलं, बिनचेहऱ्याचं. वृंदाताईंनी हळूच स्वतःचा गाल चाचपून पाहिला.

तेवढ्यात नव्या कॉम्प्युटरमधून जुनाच आवाज आला, "मला काय धाड भरलीय?"