गबरूचं शेपूट

लई जुनी गोष्ट. तेव्हा माझ्या तोंडात सगळे दात होते, म्हणजे बघा! एका कोल्ह्यानं पाहुण्या कुत्र्यांसाठी पत्र्याच्या खोल्या काढल्या. माणसं गावाला जाताना आपलं कुत्रं तिथं ठेवायची. खोली एवढीशी, की कुत्र्यानं जांभई दिली तरी नाक पत्र्याला लागावं.

लायसन द्यायला बगळासाहेब आले. नियम असा होता, की खोलीत कुत्र्यानं शेपूट हलवलं तर ते भिंतीला लागता कामा नये.

कोल्हा लबाड. त्यानं नेमकी गबरूची खोली दाखवली. गबरूला सांभाळणारी बायजाबाई लेकीकडं गेलेली. तेव्हापासून तो दाराकडं तोंड करून बसलेला, भाकरीलाही शिवत नव्हता.

"हलव रे शेपूट," बगळा म्हणाला.

"कुणाला बघून हलवू, साहेब?" गबरू म्हणाला. "तिच्या चपलांचा आवाज तरी येऊ द्या."

शेपूट हललंच नाही, मग भिंतीला लागणार कुठनं? बगळ्यानं सहीला लेखणी उचलली.

तेवढ्यात फाटकाशी चपला वाजल्या, फटक फटक. गबरूचं शेपूट असं सुटलं, की दोन्हीकडचे पत्रे धडाधड वाजायला लागले. बगळ्याची लेखणी तिथंच थांबली.

"अहो साहेब," कोल्हा गयावया करत म्हणाला, "बाई काय रोज येतेय होय?"

"रोज नाही येत रे बाबा. पण ती येईल त्या दिवसाची जागा रोज ठेवावी लागते."

गबरूनं हे ऐकलंच नाही. बायजाबाईनं कडी काढली होती, आणि तो तिच्या पदरात शिरला होता.