झिजलेली मरियामाता

फार फार वर्षांपूर्वी फ्रान्स देशाच्या किनाऱ्यावर कोळ्यांचं एक गाव होतं. तिथे घरोघरी दाराजवळच्या कोनाड्यात लाकडाची छोटी मरियामाता असे. दर्यावर निघालेला माणूस तिच्या पायांवर अंगठा टेकवून मगच उंबरा ओलांडत असे.

त्या गावात एक आंधळी म्हातारी आणि तिचा तरुण मुलगा राहत होते. त्यांच्या मूर्तीला नाक उरलं नव्हतं, रंग उडाला होता, आणि पायांवर एक खोल खळी पडली होती. म्हातारी रोज सकाळी त्या खळीत अंगठा ठेवून बराच वेळ उभी राही. मुलाला वाटे, आई प्रार्थना करते. त्याने कधी विचारलं नाही.

वर्षातून एकदा, सणाच्या दिवशी, सगळ्या मूर्ती चर्चच्या अंगणात मांडत. त्या वर्षी एक शेजारी हसला. “तुमच्या माउलीचं नाक उंदरांनी नेलं की काय?”

बोलणाऱ्याचं तोंड काही धरता येत नाही. पण मुलाला ते फार लागलं. घरी न जाता तो मूर्ती घेऊन थेट मूर्तिकाराकडे गेला. मूर्तिकाराने तासून नवं नाक काढलं, पाय गुळगुळीत केले, निळा रंग दिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“बाळा, ही कोणाची आणलीस?”

“आपलीच आहे, आई. नवी करून आणली.”

“अरे, त्या खळीत तुझ्या बाबांचा अंगठा होता! वीस वर्षं टेकवला त्यांनी. दर्याने त्यांचं काहीच परत दिलं नाही. माझ्याकडे तेवढंच होतं रे.”

मुलगा धावत मूर्तिकाराकडे गेला. “होती तशी करून द्या!”

मूर्तिकाराने मान हलवली. “खड्डा मी आत्ता पाडून देईन. पण तुझ्या बापाचा अंगठा कुठून आणू? ते तासून काढलेलं लाकूड तर कालच शेगडीत गेलं.”

म्हातारी त्यानंतरही रोज कोनाड्यापाशी उभी राही, पण हात वर करत नसे. त्याच हिवाळ्यात ती गेली.

मुलगा जन्मभर त्या गुळगुळीत पायांवर अंगठा टेकवून दर्यावर गेला. तो म्हातारा झाला तेव्हा तिथे एक लहानशी खळी पडली होती. ती पाहायला आई नव्हती.

तात्पर्य : घरातली जुनी वस्तू नवी करण्याआधी, ती कोणाच्या हातांनी झिजली ते विचारावं.