ज्या मुलांना भीती वाटत नसे

वेत्रवतीच्या काठी धवलपूर नावाचे नगर होते. महासेन राजा तिथे राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. कोवळ्या वयातच वडिलांनी त्याला वैद्यक शिकण्यासाठी दूर तक्षशिलेला धाडले.

विद्या पुरी करून तो परत निघाला तेव्हा वाटभर त्याच्या मनात एकच चित्र होते. वेशीत पाऊल टाकताच गल्लीतली पोरे धावत येतील, गाठोड्याला लोंबकळतील, खाऊ मागतील. त्यासाठी त्याने खडीसाखरही घेऊन ठेवली होती. मग आपण ताप उतरवू, मोडलेली हाडे बसवू, शिकलो ते सगळे या नगराला देऊन टाकू, असे त्याला वाटत होते.

वेशीत पोरे होती, पण ती धावली नाहीत. स्वतःपेक्षा उंच भाले धरून ती उभी होती. एकाने भाल्याचे टोक त्याच्या गळ्याला लावले आणि शांतपणे विचारले, "कुणाचा तू?"

बोधिसत्त्वाने बापाचे नाव सांगितले, थोरल्या बहिणीचे, सोमाचे नाव सांगितले. खडीसाखर पुढे केली. ती कुणी घेतली नाही.

"सोमा माझी आई," तो पोरगा म्हणाला. "म्हणजे तू मामा. जा आत."

तो नीलक होता. बोधिसत्त्व गेला तेव्हा तो पाळण्यात होता.

भर दिवसा गल्लीतली सगळी दारे बंद होती. सोमाने पुष्कळ वेळाने अडसर काढला, भावाला आत ओढले आणि लगेच पुन्हा लावला. ती वडिलांच्या जुन्या घरात राहत होती, कारण तिचे घर जळाले होते. शेजारच्या राज्याशी युद्ध लांबले, नगरातले बहुतेक पुरुष कामी आले आणि उरलेले नदीवर तळ देऊन बसले. मग सेनापती चंडकेतूने पोरे गोळा करायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक काळा रस पाजत, हातात पेटती चूड देत आणि स्वतःच्याच घराचे छप्पर पेटवायला लावत. ज्याने आपले घर जाळले तो पळून जाणार कुठे, असे चंडकेतू म्हणे. पुढे तो रस त्यांना रोज संध्याकाळी मिळे.

"नीलक मला ओळखत होता," सोमा म्हणाली. "ओळखत होता आणि हसत होता."

तेव्हापासून नगरातल्या आया आपल्याच मुलांना भिऊन होत्या. भाकरी उंबऱ्याबाहेर ठेवत आणि दार लावून घेत. सोमा तर रोज विळीसुद्धा लपवून ठेवत असे.

दुपारी नीलक मामाला सेनापतीकडे न्यायला आला. त्याच्याबरोबरची पोरे दारात उभी राहिली. चुलीत निखारे होते. नीलकने त्यातला एक उचलला आणि मुठीत धरला.

"मामा, बघ."

कातडी जळाल्याचा वास आला. बोधिसत्त्वाने झडप घालून ती मूठ उघडली आणि हात पाण्यात बुडवला. नीलक त्याच्याकडे गमतीने पाहत होता.

"तुझेच हात थरथरतायत की रे. आणू का घोटभर रस तुझ्यासाठी?"

दारातली पोरे हसली. सगळी एकदम हसली आणि एकदम थांबली. सोमा भिंतीला पाठ लावून उभी होती.

चंडकेतूने बोधिसत्त्वाला आदराने बसवले. रस करणारा म्हातारा वैद्य नुकताच वारला होता आणि रसाचे मडके रिकामे झाले होते. सैन्य सकाळी निघायचे होते. नदी ओलांडायच्या उतारावर ही मुले पुढे जाणार होती, म्हणजे शत्रूचे बाण त्यांच्यावर खर्ची पडतील आणि मग खरे सैनिक पाण्यात उतरतील. सेनापतीने हे पीकपाण्याविषयी बोलावे तसे सांगितले. आजची संध्याकाळ चुकली तरी चालेल, पण सकाळी रस हवा, असे तो म्हणाला.

बोधिसत्त्वाने मडक्याचा वास घेतला. धोतऱ्याचे बी आणि आंबलेले मद्य. ते कसे करतात हे त्याला ठाऊक होते आणि एक संध्याकाळ चुकली तर सकाळी काय होते, हेही ठाऊक होते.

"मला करता येतो," तो म्हणाला, "पण मी करणार नाही."

चंडकेतू रागावला नाही. दुःख कमी करणे हेच वैद्याचे काम, मग भीती हे दुःख नव्हे का, असे त्याने विचारले. वर म्हणाला, "सकाळी रस घेऊन ये. नाही आणलास तर तुझा भाचाच तुला भाल्यावर घेईल. त्याला काही वाटत नाही, हे तू पाहिलेच असशील."

"त्यांना शत्रूचे भय वाटत नाही, सेनापती. तुमचेही वाटत नाही."

चंडकेतूने दाराशी उभ्या असलेल्या पोरांकडे एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली.

संध्याकाळी सोमाने भावाचे पाय धरले. रस करून दे, म्हणाली. तुझा जीव वाचेल म्हणून नव्हे. उद्या नीलक मरणारच आहे. मग निदान त्याला ते कळायला तरी नको.

बोधिसत्त्वाला तक्षशिलेत हे कुणी विचारले नव्हते. त्यालाही भाल्याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त नीलकच्या नजरेची.

शेवटी तो म्हणाला, "ताई, रसाने दुखणे जात नाही. हाक मारायची शुद्ध जाते. उद्या सकाळी तो हाक मारील. तू जाशील?"

"मला त्याची भीती वाटते रे," सोमा म्हणाली.

उजाडताच बोधिसत्त्व रिकाम्या हातांनी निघाला. नगराच्या टोकाला कुडाने वेढलेल्या मैदानात मुलांची रांग उभी होती. आपण रस केलेला नाही, हे त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. चंडकेतूने नीलकला खूण केली. नीलकने भाला उचलला.

बोधिसत्त्व जागचा हलला नाही. "नीलक," तो म्हणाला, "मला भीती वाटते."

नीलक त्याच्याकडे पाहत राहिला. मग भाल्याचे टोक हलू लागले. रांगेच्या टोकाचे सर्वांत लहान पोर मटकन खाली बसले आणि त्याने आईला हाक मारली. शेजारच्यानेही हाक मारली. बघता बघता सगळी रांग ओरडू लागली. इतक्या दिवसांची भीती एकाच वेळी परत आली होती. कुणी स्वतःच्या हातांकडे पाहून किंचाळत होते, कुणी जमिनीत तोंड खुपसत होते. चंडकेतूने शंख फुंकायला लावला, तरी ते रडणे दडपले नाही.

ते रडणे गल्लीत पोहोचले. प्रत्येक दाराआड एक बाई उभी होती आणि एकही दार उघडत नव्हते. आवाज आपल्या लेकराचा आहे हे प्रत्येकीला कळत होते. हातात भाला आहे, हेही कळत होते.

सोमाने अडसर काढला.

ती मैदानात शिरली तेव्हा नीलक वळला. भाला त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, मुठी उघडत नव्हत्या.

"आई, जवळ येऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्याकडून काहीतरी होईल."

सोमा थांबली नाही. तिच्या मागे गल्लीतले एकेक दार उघडू लागले.

त्या दिवशी नदीकडे कुणी गेले नाही.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भूत आणि वर्तमान जोडून दाखवले. "भिक्षूंनो, तेव्हाचा चंडकेतू म्हणजे देवदत्त. नीलक म्हणजे अंगुलिमाल, त्याच्यातले ते विष पुढे कितीतरी जन्म उरले. सोमा ही त्याची माता. वैद्य मी होतो. मी रस नाकारला, एवढेच माझे काम. स्वतः भ्यालेले असताना भ्यालेल्या लेकराकडे चालत जाणे, हीच मैत्री. आणि त्या सकाळी मी ती सोमाकडून शिकलो."