पाळीखालची पंगत

झाडीपट्टीतल्या उमरटोलीचे तळे मातीच्या पाळीने अडवलेले आहे. तळे आणि पाळ दोन्ही एकाच घराण्याच्या खासगी मालकीची. पाळीच्या पायथ्याशी, टोलीतल्या घरांना लागून, अंगणाएवढी जमीन न पेरता मोकळी ठेवलेली दिसते. कारण विचारले की वडीलधारी मंडळी सायतराची कथा सांगतात.

सायतरा, म्हणे, पाळीची राखणदारीण होती. पाळीच्या पायथ्याशी ओल फुटल्याचे तिला सर्वांआधी दिसले. पाळीखाली चाळीस घरे, आणि त्यातले पहिलेच तिच्या लेकीचे. तळ्याचे मालक झिंगरूजी मात्र टेकडीवर राहत. उंदरांची बिळे बुजवा, बाभळी काढा, जादा पाणी वाहून जायचा सांडवा मोकळा करा, एवढेच सांगायला ती सात वर्षे टेकडी चढली. पहिल्या वर्षी मालक म्हणाले, धान निघू दे. दुसऱ्या वर्षी, लग्न उरकू दे. तिसऱ्या वर्षी त्यांनी पाळीवरच्या सर्वांत मोठ्या बाभळीला शेंदूरच फासला. देव झालेल्या झाडाला कुऱ्हाड कोण लावणार? पुढे मासे निसटू नयेत म्हणून त्यांनी सांडव्यावर काटक्यांचा कूड घातला, तेव्हा सायतराने कपाळावर हात मारून घेतला.

"मालक, पाळ झिरपून राहिली जी."

"पाळ श्वास घेते, सायतरे. तुले काय समजते त्यातलं?"

सातव्या भाद्रपदात झिरपणारे पाणी गढूळ झाले. पाळीची माती आतून वाहू लागली होती. त्या खेपेला सायतरा तक्रार नव्हे, आमंत्रण घेऊन गेली: मालकांना नातू झाला, त्या आनंदात टोली पाळीखाली पंगत घालणार आहे. झिंगरूजी कडक धोतर नेसून आले आणि नातवाला मांडीवर घेऊन मानाच्या जागी बसले. ती जागा सायतराने नेमकी ओलीच्या तोंडाशी आखली होती.

भात वाढला आणि पत्रावळीखालून चिखल वर आला. तळ्यातल्या देवीने तो वर काढला असे काही जण सांगतात. काहींच्या मते त्यात नवल काहीच नव्हते. झिंगरूजी ताडकन उठले, यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.

"अवं, पोरगं भिजलं माझं!"

"बसा ना जी मालक. पाळ श्वास घेऊन राहिली, बस. आमची लेकरं सात वर्सं भिजून राहिली."

मग तिने भाताची मोठी पातेली, ते गंज, झाकले. पाळ सावरेपर्यंत टोलीत कोणी जेवणार नव्हते, आणि मालकही नाही. असे सांगतात की झिंगरूजींनी त्याच धोतरावर सांडव्याचा कूड उपटला, तळे उतरवले, आणि पहिली कुऱ्हाड शेंदूर फासलेल्या बाभळीवर घातली.

आजही भाद्रपदात, तळे तुडुंब असताना, मालकाचे कुटुंब त्या मोकळ्या जागी पंगतीला येते. खुर्ची मागणाऱ्याला ती मिळत नाही. आधी टोलीतली एक म्हातारी भुईवर पांढरे धोतर अंथरते, मालकाला त्यावर घटकाभर बसवते आणि मग उठवून धोतर पाहते. ते कोरडे निघाले तर भात वाढतात. ओले निघाले तर गंज झाकून ठेवतात आणि मालकाच्या हाती फावडे देतात.